चिरुताची भट्टी

"रक्ताला आधी गार पाणी. ऊन पाणी घातलंस, की डाग घरचाच झाला म्हणायचा."

पुळिक्कीलची चिरुता वण्णाती हे वाक्य कशालाही लावायची. कुणाचा नवरा भांडून माडी प्यायला खोपीत जाऊन बसला, गार पाणी. बांधावरून भावाभावांत कोयते निघाले, गार पाणी. शाळेत नापास झालेलं पोर वाटेत रडत भेटलं, तर त्यालाही तेवढंच सांगायची आणि डोक्यावरचं गाठोडं सावरून पुढं व्हायची. लोक हसायचे. हिला एवढा एकच मंत्र येतो म्हणायचे. पण हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं, की त्याच मंत्रावर गावातल्या बायांचं घरात येणंजाणं चाललेलं आहे.

वण्णाती म्हणजे परटीण, पण नुसती परटीण नव्हे. रोजचं मळकं धुणं कुणीही धुवावं. बाहेर बसलेल्या बाईची फडकी मात्र वण्णातीनंच धुवायची, आणि चौथ्या दिवशी ती बाई तळ्यात न्हाली, की वण्णातीच्या हातचं धुवट वस्त्र अंगाला लागल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नसे. त्या वस्त्राला माट्टु म्हणतात. बाई कितीही घासून न्हाली, डोक्याला कितीही तेल चोपडलं, तरी माट्टु आलं नाही तर ती बाहेरचीच. चूल बंद, देव बंद, पोराला पोटाशी घेणं बंद. आमचे मोठे लोक ज्या उंबऱ्यांचा मान मिरवायचे, ते उंबरे दर महिन्याला चिरुता उघडून द्यायची. तिला स्वतःला मात्र कुठल्याच उंबऱ्याच्या आत पाय टाकायची मुभा नव्हती. अंगणाच्या कडेला केळीखाली गाठोडं उतरवायचं, हाक मारायची, धुतलेलं ठेवायचं, मळलेलं उचलायचं. बाया ते पानात गुंडाळून खाली मान घालून पुढं सरकवायच्या. एकीचंही तोंड तिच्याकडं नसायचं. चिरुतालाही तोंडं बघायची गरज पडत नसे. फडक्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्यानं काढलेली खूण बघितली की घर कळायचं.

तिचा घाट ओढ्याच्या वळणावर होता, जिथं पाणी जरा घाईनं धावतं. तिथं बसून फडकं वाहत्या पाण्यात धरायचं. नुसतं धरायचं, चोळायचं नाही. पाण्याला त्याचं काम करू द्यायचं. पाणी आधी तांबूस येतं, मग केवड्याच्या आतल्या पानासारखं फिकं, मग काहीच येत नाही. तेव्हा कुठं राखेचं पाणी. माडाच्या झावळ्यांची राख मडक्यात भिजवून वरचं निवळ घ्यायचं, बोटाला बुळबुळीत लागतं ते. त्यात फडकी मुरू द्यायची. मग भट्टी. खाली उकळतं पाणी, वर ओल्या फडक्यांची चळत, आणि मधे नुसती वाफ. भट्टी उतरली की दगड, पण तोही बेतानं. जुनं कापड मऊ असतं म्हणून तर ते या कामाला घेतात, आणि मऊ असतं म्हणूनच ते आपटलं की विरतं. शेवटी ऊन. घाटाच्या वरच्या कातळावर पांढऱ्या पट्ट्यांची रांगच्या रांग पसरलेली असायची, आणि दुपारी त्यांना हात लावला तर पापडासारखा आवाज यायचा. हे काम चिरुतानं आईकडून घेतलं, आईनं तिच्या आईकडून. पुळिक्कीलची हद्द या घराची. इथं दुसऱ्या गावच्या वण्णातीला माट्टु देता येत नाही, आणि चिरुताला दुसऱ्या गावी.

वण्णाती सुईणीचंही काम करते. गावातली निम्मी पोरं चिरुताच्या हातात पहिल्यांदा रडली.

तिची लेक माणिक्कम पहिल्या बाळंतपणाला घरी आली. मूल आलं, पण श्वास घेऊन आलं नाही, आणि मागून रक्त थांबेना. जेवढी धुवट फडकी घरात होती, तेवढी लागली. मग दुसऱ्यांच्या घरची लागली. उजाडता उजाडता सगळं शांत झालं. पुरुष माणसं लेकीला घेऊन गेली, आणि चिरुता फडकी घेऊन घाटावर गेली. दुसरं कोण धुणार होतं? वण्णातीच्या घरचं वण्णातीच धुते. तिनं हात पाण्यात घातला. पाणी गार लागलं नाही. ऊनही लागलं नाही. तिनं हात वर काढून बघितला, पुन्हा घातला. मग फडकी पाण्यात धरली, नुसती धरली, आणि पाणी निवळेपर्यंत बसून राहिली.

त्यानंतर ती रडली नाही. लोक म्हणाले, छातीचा दगड झाला. तेही खरं नव्हे. दगड उन्हात तापतो तरी. चिरुता कामावर तशीच जायची, तसंच वाक्य बोलायची, पोराला, चिंडनला, वेळेवर पेज वाढायची. कुणी काही सांगितलं की म्हणायची, "बरं." लग्न ठरलं, बरं. म्हैस मेली, बरं. तिचा नवरा केळू तिसऱ्या वर्षी तापानं गेला, तेव्हाही तिनं त्याचे डोळे मिटले, हनुवटी बांधली आणि बरं म्हटलं.

या केळूचं एक राहून गेलं होतं. वण्णान, म्हणजे वण्णातीच्या घरचे पुरुष, आमच्याकडं तेय्यम नाचवतात. तोंड रंगवून, डोक्यावर मुकुट चढवून देवी अंगात घेतात, आणि त्या वेळी गावातला मोठ्यातला मोठा माणूसही त्यांच्यापुढं हात जोडतो. ज्याचं तेय्यम चांगलं, त्याला राजाच्या घरचं कडं हातात घालतात आणि पेरुवण्णन ही पदवी देतात. केळू जन्मभर नाचला, गुडघे झिजवले, पण कडं त्याच्या हातात पडलं नाही. आता त्याचा मुलगा चिंडन नाचत होता, आणि बापाहून चांगला नाचत होता. त्या साली देवराईचा मोठा उत्सव भरायचा होता. असा उत्सव माणसाच्या आयुष्यात दोनदा आला तर तो भाग्याचा. चिंडनला कडं मिळणार, हे सगळा गाव बोलत होता. चिंडन स्वतः बोलत नव्हता, पण मनगट मात्र सारखं चोळत असायचा.

उत्सवाच्या आधी देवराईच्या मोठ्या चुलीसाठी फणसाचं झाड पाडायचं असतं. कुणाच्या परड्यातलं, ते कौल लावून ठरतं, आणि ज्याचं झाड निघतं तो स्वतःला भाग्यवान म्हणवतो, निदान चारचौघांत. त्या वर्षी कौल चीयेयीच्या झाडाला लागला.

चीयेयी विधवा. तिचा नवरा माडी काढताना माडावरून पडून गेलेला. घरात ती, तिची म्हातारी आई आणि मुलगी सौमिनी. त्यांचा पावसाळा त्या एका झाडावर निघायचा. कोवळ्या फणसाची भाजी, पिकलेले गरे, आणि आषाढात चुलीत भाजलेल्या आठळ्या. वाजतगाजत मंडळी कुऱ्हाड घेऊन आली, तर चीयेयी झाडाला पाठ लावून उभी.

"देवीला भूक लागली तर फणस खायला ये म्हणावं," ती म्हणाली. "झाड नाही देणार."

ढोल थांबले. मंडळी माघारी गेली. कुणी तिला शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. आमच्याकडं एखाद्या घराला वाळीत टाकायचं तर विहीर बंद करावी लागत नाही. संध्याकाळी देवराईचे मुख्य कोरन कारणवर घाटाकडं आले. कारणवर म्हणजे घरचा, गावचा वडीलधारा. कोरनचा शब्द देवराईत शेवटचा. वरच्या वाटेवरूनच ते म्हणाले, की चीयेयीच्या घरी माट्टु द्यायचं नाही, फडकी उचलायची नाहीत. आणि जाता जाता म्हणाले, की चिंडनचं आम्ही बघतोय, काळजी करू नको.

"बरं," चिरुता म्हणाली.

पुढच्याच पंधरवड्यात सौमिनीला न्हाण आलं. पोरीचं पहिलं न्हाण म्हणजे आमच्याकडं घरचं कार्यच. शेजारणी गाणी म्हणतात, पोरीला नव्या चटईवर बसवतात, गोडधोड होतं, आणि शेवटी वण्णाती येऊन तिला माट्टु देते. सौमिनीच्या वेळी कुणी आलं नाही. गोठ्यामागच्या खोपटात ती बसली, चौथ्या दिवशी न्हाली, आणि ओल्या केसांनी परत त्याच खोपटात जाऊन बसली. महिना सरायच्या आत चीयेयीवरही तीच वेळ आली. आता घरात चूल पेटवायला उरली एकटी म्हातारी. तिला अर्धं दिसायचं. ती पेजेत दोनदा मीठ टाकायची, आणि दोघी मायलेकी खोपटाबाहेर बसून ती खारट पेज प्यायच्या.

चीयेयी एकदा बांधावर आडवी आली. चिरुताला म्हणाली, की माझ्या पोटातून ही पोर तूच काढलीस, तिची नाळ तूच कापलीस. मी तुझ्याकडं काही मागत नाही, पण माझ्याकडं बघून तरी जा. चिरुतानं बघितलं. चीयेयीचा चेहरा तिला दिसला, डोळे दिसले, डोळ्यांतलं पाणी दिसलं. एखाद्या घरात दिवा जळतोय हे लांबच्या रस्त्यावरून दिसावं, तसं. मग ती बांधाच्या कडेनं वळसा घालून पुढं गेली.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी चिरुता घाटावर होती. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर सौमिनी उतरली. हातात मातीचं मडकं, मडक्यात फडकी. ती चालत होती तीच पाय फाकून. वारा फिरला आणि चिरुताला वास आला. रक्ताचा वास तिला नवा नव्हता. हा तो नव्हता. ओलं राहून आंबलेल्या कापडाचा होता.

"कुठं वाळवतेस?" तिनं विचारलं.

सौमिनीनं मडकं पाठीमागं सारलं.

"कुठं वाळवतेस गं?"

"छपरात. झावळ्यांच्या आत खोचून."

"का?"

"कुणी बघेल."

"मग बुरशीनं बघितलं. झालं समाधान?"

पोरीनं मान खाली घातली. मांड्या सोलवटल्यात, आग होते, रात्री झोप येत नाही, असं काहीसं ती पुटपुटली. फडकी तर रोज ऊन पाण्यात टाकते, म्हणाली. आई सांगते, ऊन पाण्यानं सगळं मरतं.

"रक्त मरत नाही, शिजतं. धाग्यात बसतं," चिरुता म्हणाली. "इकडं बघ."

तिनं आपल्या गाठोड्यातलं एक फडकं घेतलं आणि पाण्यात धरलं. पलीकडं सौमिनीनं तिचं धरलं. मधून ओढा वाहत होता. चिरुताचा हात तिच्या फडक्याला लागला नाही, सावलीही पडली नाही. बंदी मोडली असं कुणी म्हणू शकलं नसतं. चोळू नको, धर. पाणी बघ. आता निवळलं, आता पिळ, पण दोरी वळल्यासारखं नको, तळव्यांत दाब. चुलीतली राख आणलीस? नाही? मग उद्या आण. आणि झाल्यावर कातळावर पसर. सगळं उघडं. वरून दुसरं कापड टाकून झाकायचं नाही. झाकलेलं कापड वरून कोरडं नि आतून ओलं, ते सगळ्यात फसवं.

"उघडं?" सौमिनीनं विचारलं. "त्या वाटेनं सगळे जातात."

"ऊन कुणाची लाज काढत नाही."

"माणसं काढतात."

कडक वाळल्याशिवाय घडी घालू नको, घडी तीन पदरी घाल, आणि मडक्यात कडुनिंबाचा पाला टाकून ठेव, एवढं सांगून ती आपल्या कामाला लागली. सौमिनीनं फडकी एकेक करून कातळावर पसरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग काठाशी आली. आमच्याकडं लहान पोरंही वण्णातीला नावानं हाक मारतात. तशी रीतच होती. सौमिनी मात्र म्हणाली,

"अम्मे, मी घरात कधी जायचं?"

चिरुतानं ते ऐकलं. घाटावर माणिक्कम तिला याच शब्दानं हाक मारायची, वरच्या वाटेवरूनच, जेवण घेऊन आली की. ती आत काही हलतंय का ते बघत थांबली. हललं नाही. तिनं पाण्यातला हात तेवढा बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरन कारणवरांच्या घरी माट्टु द्यायचं होतं. त्यांची लेक जानू चौथ्या दिवशी न्हायची होती. गाठोडं बांधलेलं, तयार. चिरुता वाकली, दोन्ही हात गाठोड्याखाली घातले, आणि तशीच राहिली. मग हात काढून घेतले आणि धुण्याच्या दगडावर बसली. ओढ्यात एक खंड्या सूर मारून गेला. ऊन डोक्यावर आलं तरी ती तिथंच होती.

चिंडन शोधत आला.

"काय झालं? ताप आहे?"

"नाही."

"मग अजून गेली का नाहीस?"

"उचलत नाही."

"जड आहे?"

"नाही."

चिंडननं गाठोडं उचलून बघितलं. कापसासारखं होतं. तो म्हणाला, मी नेऊन देतो. म्हणाला खरं, पण माट्टु बाईच्याच हातचं लागतं, पुरुषाच्या हातून गेलं तर ते नुसतं फडकं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो गाठोडं खाली ठेवून आईजवळ बसला. जानू वाट बघत असेल, म्हणाला. कारणवर काय म्हणतील, म्हणाला. मनगट चोळत राहिला. चिरुता बरं म्हणाली आणि बसून राहिली.

त्या दिवशी गेली नाही, दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्याही नाही. गावात बाया काही एकाच दिवशी बाहेर बसत नाहीत. आज ही, उद्या ती. त्यामुळं रोज एकेका घराची चूल पुरुषांच्या हाती येऊ लागली. आमच्या गावचे पुरुष माडावर सरसर चढतील, पुरात होडी घालतील. चुलीपुढं मात्र त्यांचं सगळं शौर्य धुरात जातं. लोक म्हणाले, चिरुतानं गावाला धडा शिकवायला घेतलाय. दुसरे म्हणाले, तिच्या अंगात काहीतरी आलंय. तिनं काहीच घेतलेलं नव्हतं आणि काहीच आलेलं नव्हतं. ती सकाळी वाकायची, हात गाठोड्याखाली जायचे, आणि पुढं काही व्हायचं नाही.

शेवटी कोरन कारणवरांची बायको कल्याणी स्वतः घाटावर आली. तिचे गुडघे सुजलेले, काठी टेकत टेकत आली आणि वरच्या दगडावर धप्पकन बसली.

"मेलीस का गं चिरुता?"

"अजून नाही."

"मग माझ्या जानूनं काय गोठ्यातच म्हातारं व्हायचं? मला खाली बसवत नाही, कारणवर बसलेत चुलीपुढं. काल पेज केली ती तळाला लागली. आज केली ती उतू गेली. देवीची सगळी स्तोत्रं पाठ आहेत त्या माणसाला, आणि तांदळात पाणी किती घालायचं ते मला विचारतोय."

चिरुता दगडावरची राख झाडत राहिली.

"तांदूळ पाहिजेत? नवं लुगडं पाहिजे? तेल पाहिजे?"

"काही नको."

"नको काय, माग काहीतरी. मागणाऱ्याशी भांडता तरी येतं."

कल्याणीनं गुडघे चोळले. मग तिची नजर ओढ्यापलीकडं गेली. कातळावर सौमिनीची फडकी वाळत होती, भर उन्हात, उघडी, कोपऱ्यांवर दगड ठेवून. कल्याणीनं तोंडाला पदर लावला. पण बघायची थांबली नाही. बराच वेळ बघितलं तिनं. मग काठी उचलली आणि वर चढून गेली.

कारणवरांनी आधी शेजारच्या गावी माणूस धाडला. तिथली वण्णाती वेळ्ळच्ची, म्हणजे केळूची बहीण, चिरुताची नणंद. या दोघींचं कधी पटलं नव्हतं, त्यामुळं ती धावत येईल असं सगळ्यांना वाटलं. वेळ्ळच्चीनं निरोप ऐकला आणि म्हणाली, की माझी हद्द त्या ताडापाशी संपते. ताडापलीकडं माझ्या हातचं माट्टु म्हणजे पोतेरं. तुम्हीच केलेली रीत आहे बाबांनो, तुम्हीच जाऊन पुसा. मग कोरन कारणवर आणखी दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन घाटावर आले. चिंडन दहा पावलांवर माडाला टेकून उभा राहिला.

"चिरुता, बंदी एका घराला होती," कारणवर म्हणाले. "तू गाव बंद केलंस."

"मी काही केलं नाही."

"तेच म्हणतोय. काही करत नाहीस."

"माझी भट्टी एकच आहे," चिरुता म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही, खालीही आला नाही. "सगळ्या घरांची फडकी एकावर एक लावते. खालचं एक घर काढलं, चळत ढासळली. मला परत लावता येईना."

"म्हणजे चीयेयीच्या घरी द्यावं, असं तुझं म्हणणं?"

"माझं म्हणणं नाही. तुम्ही नको म्हणालात, मी बरं म्हटलं. आता हात नको म्हणतात. त्यांनाही बरं म्हणते."

दुसरा एक म्हातारा हसला आणि लगेच खोकला. कारणवर हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. पण देवराईचा शब्द त्यांच्या तोंडून गेलेला होता, आणि गेलेला शब्द फुकट परत घेता येत नाही.

"चिंडनचं कडं आहे, चिरुता," ते म्हणाले.

"आहे."

"घरटी माट्टु पोचेल. चीयेयीच्याही. मी ते डोळ्याआड करीन. पण मग कडं दुसऱ्या हातात जाईल. नाहीतर उद्या सकाळी गाठोडं उचल, ते एक घर सोडून. म्हणजे सगळं ठरल्यासारखं होईल. आत्ताच सांग."

चिरुतानं चिंडनकडं बघितलं. तो माडाला टेकून होता, पण टेकल्यासारखा नव्हता. त्यानं मनगट धरून ठेवलं होतं. काही तरी वर येईल म्हणून ती थांबली. पोराची माया, केळूची आठवण, भीती, निदान राग. जे येईल त्याच्या मागं जायचं, असं तिनं ठरवलं होतं. ओढा वाहत होता. वरून एक सुपारी पडली. काही आलं नाही. तेव्हा तिनं गाठोड्याखाली हात घातले आणि मनातल्या मनात ते एक घर सोडून बघितलं. हात उचलले नाहीत. मग ते घर धरून बघितलं.

गाठोडं वर आलं.

"बरं," ती म्हणाली, आणि ते डोक्यावर घेऊन जानूकडं निघाली.

पुन्हा कौल लावला गेला. या खेपेला देवीनं कोरन कारणवरांच्याच परड्यातला फणस मागितला. कल्याणी म्हणाली, देवीलाही घरच्यांचीच सवय. कडं अंबाडीला जाहीर झालं, वेळ्ळच्चीच्या मुलाला. तो काही वाईट नाचत नव्हता.

त्या दिवशी चिंडन जेवायला बसला आणि पेजेवर हात तसाच ठेवून म्हणाला, "तुला माझं काहीच वाटलं नाही?"

"वाटायला पाहिजे होतं," चिरुता म्हणाली. "बघितलं मी. आत काही नव्हतं."

"आणि त्या पोरीचं वाटलं?"

"तिचंही नाही."

रागावायला समोर कुणीतरी असावं लागतं. चिंडन आईच्या तोंडाकडं बघत राहिला. मग पेज तशीच सोडून उठला. चिरुतानं ती झाकून ठेवली, आणि तो नाही आला तेव्हा कुत्र्याला घातली. त्यानंतर मायलेकरं एका घरात राहिली, पण चिंडन तिच्याशी बोलला नाही. ती वाढायची, तो खायचा.

उत्सव भरला. अंबाडीच्या हातात कडं पडायच्या दिवशी सगळा गाव देवराईत होता. चीयेयीच्या घरचे तेवढे नव्हते. सौमिनी त्या दिवशी चौथ्या दिवसाची न्हाली होती, आणि चिरुता केळीखाली उभी होती. तिनं गाठोडं सोडलं. वरचं पांढरं वस्त्र दोन्ही हातांवर घेतलं आणि पुढं धरलं. सौमिनीनं ते घेतलं, गोठ्याआड जाऊन नेसली, आणि अंगणातून सरळ चालत येऊन उंबऱ्याशी थांबली. आत जायचं सुचेना तिला. आतून म्हातारी ओरडली, "ये की गं, तुझं लग्न लागतंय का तिथं? माझ्या हातचं मीठ खाऊन खाऊन जीभ सोलली माझी."

सौमिनी आत गेली. चीयेयी दारात उभी होती. तिनं चिरुताला बस म्हटलं, पाणी देऊ का विचारलं. एका फणसाचे गरे पानात बांधून पुढं केले. झाडाला त्या साली फणस लवकर धरले होते. चिरुतानं गरे घेतले. हात जोडायचे राहिले की काय म्हणून चीयेयी हात जोडायला लागली, तेवढ्यात चिरुतानं वाकून खोपटातली मळकी फडकी उचलली, बिब्ब्याची खूण बघितली आणि गाठोड्यात वेगळी न ठेवता बाकीच्यांबरोबर बांधली.

"अजून दोन घरं आहेत," ती म्हणाली, आणि निघाली.

देवराईत ढोल टिपेला पोचले होते. चिंडनला त्या दिवशी अंबाडीचा मुकुट धरायचं काम होतं. मुकुट दुसऱ्याच्या हाती देऊन तो कुसवाच्या दगडांवर येऊन उभा राहिला होता, अंगाला हळद, डोळ्यांत काजळ, मनगट रिकामं. तिथून कापणी झालेली शेतं दिसतात, आणि शेतांमधून जाणारी पायवाट. त्या वाटेनं त्याची आई चालली होती, डोक्यावर गाठोडं, हातात पानाची पुडी, पाऊल ना जलद ना हळू. मागून कुणीतरी त्याला हाक मारली, मुकुट हवा होता. तो गेला नाही. त्यानंही तिला हाक मारली नाही. सुपारीच्या बागेत ती वाट वळते तिथवर तो बघत राहिला, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ.